सात खणांची डबी

कुणीतरी ह्यांच्या तोंडावर टॉवेल टाकला आणि मला वाटलं, हे गेले.

तोंडावर कापड कधी टाकतात ते मला ठाऊक आहे. सासऱ्यांच्या तोंडावर मीच टाकलं होतं, सासूबाईंच्याही. पण टॉवेल टाकूनसुद्धा तो माणूस ह्यांची छाती दाबतच होता. मेलेल्या माणसाची छाती कुणी दाबत बसत नाही, एवढं मला कळत होतं. तेवढं एक धरून मी उभी राहिले.

तो बेसबॉलचा खेळाडू होता. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलतो, तो. पायांना गुडघ्यांपर्यंत कवच, छातीला कवच, तोंडावरची जाळी वर डोक्यावर सरकवलेली. मैदानातून पळत आला होता आणि कठड्यावरून उडी मारून ह्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हात एकावर एक ठेवून दाबत होता आणि मोठ्याने आकडे म्हणत होता. त्याच्या प्रत्येक दाबाला ह्यांचे पाय हलत होते. एक चप्पल निघून बाकाखाली गेली होती. सकाळी मी धुऊन वाळवलेला शर्ट मधोमध कापला होता.

बाकीची माणसं मागे सरकून गोल उभी होती. २०२० सालचा उन्हाळा होता. दीड मीटर लांब राहायची सवय अंगात इतकी मुरली होती, की माणूस कोसळला तरी लोक दीड मीटरवरच थांबले. टॉवेलही त्यासाठीच टाकला होता. ह्यांचा श्वास त्या खेळाडूच्या तोंडावर येऊ नये म्हणून. हे मला नंतर कळलं.

मुलगा फोनवर ओरडत होता. सून नातीला दंडाला धरून मागे ओढत होती आणि नात हलत नव्हती. क्लबच्या खोलीतून एक बाई हृदयाला विजेचा झटका द्यायची हिरवी पेटी घेऊन पळत आली. पेटीतून दोन चिकट पट्ट्या काढून ह्यांच्या उघड्या छातीवर लावल्या. मग ती पेटी आपली आपणच डच भाषेत बोलायला लागली. तिने काही सांगितलं आणि सगळ्यांनी हात वर घेतले. ह्यांचं अंग एकदम उसळलं आणि पडलं. परत दाबणं सुरू झालं.

मी ओरडले नाही, रडलेही नाही. हे असं का झालं ते तिथे मला एकटीलाच माहीत होतं, आणि कुणी विचारेल याची भीती होती.

आम्ही दोघं त्या फेब्रुवारीत पुण्याहून हार्लेमला मुलाकडे आलो होतो, तीन महिन्यांसाठी. हे एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "आजी, ही छोटी गुलाबी गोळी बघा. एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, ही चुकवायची नाही." मी मान डोलावली होती. म्हणजे मला कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही.

गोळ्या माझ्या ताब्यात असत. जेवण झालं की हे हात पुढे करायचे, मी तळहातावर गोळ्या ठेवायचे, हे न बघता तोंडात टाकून वर पाणी प्यायचे. कुठली गोळी कशाची ते त्यांना ठाऊक नव्हतं. सांगायला गेले तर म्हणायचे, "गाडी मी चालवायची, डिझेल कुणी भरायचं ते डेपो बघतो." डेपो मी.

तीन महिन्यांच्या गोळ्या आणल्या होत्या आणि वर दीड महिन्याच्या. मार्चमध्ये विमानं बंद झाली. इथल्या सरकारने आमचा व्हिसा वाढवून दिला. गोळ्या कोण वाढवणार?

मुलाने विचारलं होतं. "आई, बाबांच्या गोळ्या आहेत ना? नाहीतर हाउसआर्ट्सला फोन करतो." हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. मी म्हटलं, "आहेत." पुढच्या महिन्यात परत विचारलं. मी म्हटलं, "आहेत रे, किती वेळा विचारशील?"

खोटं का बोलले ते लिहिते. खालच्या मजल्यावर एक डच जोडपं राहत होतं, आमच्याच वयाचं. एप्रिलमध्ये त्यातल्या म्हाताऱ्याला अँब्युलन्समधून नेलं. अंगभर प्लास्टिक घातलेली माणसं आली होती. म्हातारी खिडकीत उभी राहून हात हलवत होती, तिला बरोबर जाऊ दिलं नाही. तो परत आला नाही. तिने त्याला परत पाहिलंही नाही. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं, की डॉक्टर म्हटलं की रक्त तपासायला बोलावणार, तिथे बोलावलं की आजार लागणार, आणि आजार लागला की हे त्या प्लास्टिकवाल्यांच्या हाती जाणार. मला ह्यांच्या हृदयाची भीती नव्हती. ते पुण्यातल्या डॉक्टरांनी दुरुस्त केलेलं होतं. मला दाराबाहेरच्या हवेची भीती होती.

आणि पुरवून वापरणं मला येत होतं. जन्मभर मी तेवढंच शिकले. शाळा चौथीपर्यंत, पण एका पगारात सात माणसांचा महिना मी काढलेला आहे. तेल पुरवलं, रॉकेल पुरवलं, ऐनवेळी चार पाहुणे आले तर आमटीत तांब्याभर पाणी घालून तीही पुरवली. आमच्या घरात कधी काही संपलं नाही, असं सासूबाई चारचौघांत सांगायच्या. माझं त्यांनी एवढंच एक कौतुक केलं. मग गोळ्यांचंही मी तेच केलं. मेच्या शेवटापासून गुलाबी गोळी एक दिवसाआड द्यायला लागले. रक्तदाबाची पांढरी गोळी सुरीने अर्धी करायचे. आणि गुलाबी गोळीच्या सुट्टीच्या दिवशी ह्यांच्या तळहातावर एक गोळी कमी दिसू नये म्हणून सुनेच्या बाटलीतली व्हिटॅमिनची गोळी ठेवायचे. इथे ऊन कमी म्हणून ती गोळी सगळेच घेतात. रंग साधारण सारखा होता.

जून गेला. ह्यांना काही झालं नाही. मला वाटलं, बघ, डॉक्टर उगाच घाबरवतात.

आता मैदानांवर कसे गेलो ते. नात दहा वर्षांची होती आणि हार्लेमच्या एका क्लबात होंकबल खेळायची. बेसबॉलला इथे होंकबल म्हणतात. वसंतात तिच्या सगळ्या मॅचेस रद्द झाल्या. सुट्टीत भारतात जायचं ठरलं होतं, तेही रद्द. ती पोर खोलीच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची, धप्प, धप्प, दिवसभर. जुलैत मैदानं परत उघडली तेव्हा मुलगा म्हणाला, "चला, गाडीने फिरू. तू सांगशील ती मैदानं बघू." तिने कागदावर सात नावं लिहून आणली. मोठ्या संघांची नव्हेत, गावोगावच्या लहान क्लबांची.

हे खूश झाले. "अष्टविनायकाच्या गाड्या मी चाळीस वेळा नेल्यात," म्हणाले. "हे आठाला एकच कमी. पण मग गणपती कुठाय?"

नातीला मराठी समजतं, बोलायचं मात्र तिला जिवावर येतं. ती इंग्रजी-डचमध्ये उत्तर देते, मध्ये एखादा मराठी शब्द टाकते. तिने ह्यांना खेळाचा फोटो दाखवला. त्यात मागे बसून चेंडू झेलणारा होता, कॅचर म्हणतात त्याला.

"हा बघ सापडला," हे म्हणाले. "उकिडवा बसलाय, पोटाला कवच. हाच गणपती."

"आजोबा, ही इज नॉट फॅट!"

"मी जाड कुठे म्हटलं? मी त्याला देव म्हटलं."

निघायच्या आधी मुलाने औषधांच्या दुकानातून प्लास्टिकची एक लांब डबी आणली. सात खण, प्रत्येकाला वेगळं झाकण, झाकणावर वाराचं अक्षर. "आई, प्रवासात गोंधळ होतो. यात आठवड्याच्या गोळ्या भरून ठेव. कुठला वार राहिला ते लगेच दिसेल."

लगेच दिसेल, हीच तर अडचण होती. मी ती डबी नातीला दिली. म्हटलं, "सात मैदानं ना तुझी? प्रत्येक मैदानाची चिमूटभर माती यात ठेव." तिला ते फारच आवडलं. बेसबॉलच्या मैदानात पळायच्या वाटेवर तांबडी माती असते. मुलाने पाहिलं तेव्हा म्हणाला, "आई, ती गोळ्यांची डबी होती."

"मला आठवडा पाठ आहे. मला डबी कशाला?"

तो हसला आणि गाडी काढली. त्याची गाडी विजेवरची होती, गिअर नसलेली. हे पुढे बसून डाव्या पायाने नसलेला क्लच दाबत होते.

पहिलं मैदान हार्लेमच्या जवळच होतं. तिथे कुणी नव्हतं. जाळीच्या कुंपणातून हात घालून नातीने माती घेतली आणि रविवारच्या खणात ठेवली. हे म्हणाले, "आमच्या महाबळेश्वरच्या घाटातली वाटतेय." दुसरं मैदान एका गावाबाहेर होतं, बंधाऱ्याच्या पायथ्याशी. गाडी बंधाऱ्याच्या अलीकडे लावावी लागली. चढ असा काही नव्हता, आपल्याकडच्या गल्लीत असतो एवढाच. हे तीनदा थांबले.

"बघ गाई कशा आहेत," पहिल्यांदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले, "त्या काळ्या गाईकडे बघ." तिसऱ्यांदा काहीच म्हणाले नाहीत, नुसते उभे राहिले. हा माणूस खेड्यात जन्मला. जन्मभर कधी गाईकडे बघत थांबला नाही. कपाळावर घाम होता आणि वारा तर गार होता.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही. बसून बसून पाय आखडलेत."

मी मुलाला काही बोलले नाही. बोलले असते तर गोळ्यांचं विचारलं असतं.

तिथून आम्ही युट्रेख्टजवळ एका लाकडी खोलीत राहिलो, झाडांमध्ये, स्वस्तातल्या सहलीच्या खोल्या असतात तशी. तिसरं मैदान तिथून जवळ होतं. तिथे मुलींचा सराव चालला होता. नातीला त्यांनी पाच चेंडू मारू दिले. दोन लागले. हे टाळ्या वाजवत होते, पण बसून. मी त्यांच्याकडे बघत होते, खेळाकडे नाही. बघून बघून माझे डोळे दुखायला लागले. श्वास मोजत होते त्यांचे. आपल्याला वाटतं, माणूस आपल्या डोळ्यांसमोर असला की त्याला काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला ह्यांनी हनुवटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "डावीकडची खालची दाढ ठणकतेय."

सून म्हणाली, "बाबा, लवंग आहे माझ्याकडे, देऊ?"

ह्यांच्या खालच्या दाढा काढून चार वर्षं झाली होती. तिथे कवळी होती, आणि कवळी त्या वेळी वाटीत पाण्यात होती.

अँजिओप्लास्टीच्या आधीही असंच जबड्यात दुखलं होतं. मी खोलीत जाऊन माझी स्टीलची डबी उघडली. गुलाबी गोळ्या अकरा राहिल्या होत्या. मी दोन घेतल्या आणि ह्यांच्या हातावर ठेवल्या. एक आजची, एक कालची. बीपीची अख्खी दिली. मनात म्हटलं, आजपासून रोज द्यायची, संपल्या की काय ते बघू. ह्यांनी न बघता गिळल्या. मी मुलाला म्हटलं, "आज नको जाऊ या. ऊन फार आहे."

नात लगेच म्हणाली, "आजी, टुडे इज द रिअल मॅच!" आतापर्यंतची मैदानं नुसती बघितली होती, त्या दिवशी आइंडहोवनजवळच्या एका गावात खरी मॅच होती.

हेच म्हणाले, "चल गं. सावलीत बसू. पोरीचा हिरमोड कशाला करतेस?"

मी गप्प बसले. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. दाढ नाही तिथे दुखतंय, एवढं एक वाक्य होतं.

मैदानाच्या दारात नाव आणि फोन नंबर लिहून घेतला, हातावर सॅनिटायझर दिलं. लोखंडी फळ्यांचा लहानसा स्टँड, पाच पायऱ्यांचा. बसायच्या जागांवर पांढऱ्या फुल्या मारल्या होत्या, एका घराने एकत्र बसायचं, बाकीच्यांनी लांब. ओरडायचं नाही असंही लिहिलं होतं. तोंडातून थुंकी उडते म्हणून.

मुलाने ते वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "खेळ बघायचा आणि ओरडायचं नाही? याच्यापेक्षा बुवांचं कीर्तन बरं, तिथे निदान विठ्ठल विठ्ठल तरी म्हणता येतं."

उकाडा होता. बटाट्याच्या तळणीचा वास येत होता. नात ह्यांना समजावत होती, कोण कुठे पळणार, कधी बाद होणार. हे म्हणाले, "म्हणजे आपल्या विटीदांडूचाच भाऊ." मग एकाने चेंडू असा मारला की तो कुंपणाच्या पार झाडीत गेला. लोक ओरडू शकत नव्हते म्हणून पायांनी फळ्या वाजवायला लागले. सगळा स्टँड थडथड हलला. हे टाळ्या वाजवत उभे राहिले. नातीकडे बघून हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं."

एवढंच. आणि दोन बाकांच्या मधल्या जागेत कोसळले.

त्यानंतरचं सुरुवातीला लिहिलं आहे. पेटीने दोनदा झटका दिला. दुसऱ्यानंतर थोड्या वेळाने तो कॅचर थांबला आणि ह्यांच्या गळ्याला बोटं लावून वर बघितलं. त्याच्या नाकावरून घाम ह्यांच्या छातीवर गळत होता. कुणीतरी टॉवेल काढला. ह्यांचा चेहरा राखेसारखा होता, पण तोंड मासळीसारखं उघडमिट करत होतं. मला तो चेहरा बघवेना. टॉवेल होता तेच बरं होतं असं क्षणभर वाटलं.

अँब्युलन्स आली. तीच अंगभर प्लास्टिक घातलेली माणसं, चष्मे, मुखपट्ट्या. ज्यांच्या भीतीने मी हे सगळं केलं होतं, ती माणसं शेवटी माझ्याच करणीने आली. त्यातल्या बाईने मुलाला काहीतरी विचारलं. मुलगा माझ्याकडे वळला.

"आई, बाबांच्या गोळ्या दे. लवकर."

मी हलले नाही. नातीच्या पाठीवर तिची पिशवी होती. तिला वाटलं आजीला सुचत नाहीये, आणि गोळ्यांची डबी म्हटली की तिच्या डोळ्यांपुढे तीच. आत आपणच माती भरलीय हे त्या घाईत ती विसरली. तिने पिशवीतून ती सात खणांची डबी काढून त्या बाईच्या हातात दिली. बाईने पहिलं झाकण उघडलं. तांबडी माती. दुसरं उघडलं. माती. तिसरं उघडलं. बाईने आधी मुलाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"आई, खऱ्या गोळ्या कुठायत?"

मी कमरेच्या पिशवीतून स्टीलची डबी काढली आणि सांगितलं. जसं आता लिहितेय तसंच सांगितलं, कमी नाही जास्त नाही. दिवसाआड दिली. अर्धी केली. मधल्या दिवशी व्हिटॅमिन दिलं. आज सकाळी दोन दिल्या.

मुलाला डच येतं, इंग्रजी येतं, ऑफिसात तो दिवसभर बोलतो. तेव्हा एक शब्द आला नाही. बाई परत काहीतरी म्हणाली, जोरात. मग नात बोलायला लागली. माझं वाक्य न् वाक्य तिने डचमध्ये त्या बाईला सांगितलं. मला कळत नव्हतं, पण कुठे आलीय ते समजत होतं, कारण अर्धी म्हणताना तिने बोटाने कापून दाखवलं. मला वाटायचं हिला मराठी अर्धंमुर्धंच समजतं. सगळं समजत होतं.

"आजी," ती म्हणाली, मराठीत, "कधीपासून?"

"मे महिन्यापासून. शेवटच्या आठवड्यात."

तिने ते सांगितलं. बाईने हातमोज्यावरच पेनने लिहून घेतलं. माझ्यावर ओरडली नाही. सकाळच्या दोन गोळ्यांचं मात्र तिने नातीला दोनदा विचारलं, आणि दोन बोटं वर करून माझ्याकडून खात्री करून घेतली. मग ह्यांना उचललं.

हॉस्पिटलमध्ये एकाच माणसाला आत जाता येत होतं. मला त्यांची भाषा येत नाही, म्हणून मुलगा गेला. पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी मोटारी लावायच्या जागेत, गाडीच्या मागच्या सीटवर. खालच्या मजल्यावरची म्हातारी निदान खिडकीत तरी होती.

नात पुढच्या सीटवर झोपून गेली, हातात चेंडू झेलायचा मोजा. सून माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "आई, माझ्या व्हिटॅमिनच्या बाटलीतल्या गोळ्या?"

"हो."

"मला वाटत होतं, मीच विसरून दोनदा घेतेय. लवकर कशी संपतेय म्हणून."

"आम्हाला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "एक फोन केला असता तर इथल्या दुकानात मिळाल्या असत्या. दारात आणून देतात हो."

"मला काय माहीत?"

"विचारलं होतं ना तुमच्या मुलाने."

"विचारलं होतं," मी म्हटलं.

तिने थर्मासमधला चहा ओतून दिला. मी घेतला नाही. मी हिशेब करत होते, की हे आतच गेले तर तोंडात पाणी कोण घालणार? प्लास्टिकवाली माणसं? तुळशीचं पान कुठून आणायचं? हार्लेमच्या खिडकीतली तुळस थंडीत वाळून गेली होती. आणि पुण्याला फोन करून नणंदांना काय सांगायचं? हार्ट अ‍ॅटॅक आला, एवढंच सांगितलं तर कुणी पुढे विचारणार नाही. असाही विचार माझ्या मनात आला. माणूस आत मरतोय आणि बाहेर बायको पुढचं खोटं जुळवतेय. मी तशी निघाले. भीतीने माणूस काही चांगला होत नाही.

साडेसहाच्या सुमाराला मुलगा बाहेर आला. ऊन अजून लख्ख होतं. तो गाडीपर्यंत सरळ चालत आला, तोंडावरची पट्टी काढली नाही, त्यामुळे काही कळेना. मी दार उघडून बाहेर उतरले.

"हृदयाची नळी बंद झाली होती ती उघडली," तो म्हणाला. "दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले. बेशुद्ध ठेवलंय." मग म्हणाला, "काय दिलं आणि काय नाही, ते आधी कळलं म्हणून बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले."

मी मान हलवली.

"आई, मी तुला विचारलं होतं. दोनदा."

"तीनदा," मी म्हटलं. "डबी आणलीस तेव्हाचं धर."

तो तिथेच डांबरावर बसला आणि रडला. मोठा झाल्यावर त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि त्याने तो बाजूला केला. बरोबर केलं त्याने.

दोन दिवस त्या गावातल्या एका हॉटेलात काढले. फोन वाजला की सगळे एकमेकांकडे बघायचे आणि कुणी उचलायचं नाही. तिसऱ्या दिवशी नर्सने फोनवर ह्यांचं तोंड दाखवलं. नाकात नळी, दाढी वाढलेली, कवळी नसल्याने गाल आत गेलेले. मला म्हणाले, "अगं, इथला चहा अगदी पांचट आहे." आणि मग, "पोरगी कुठाय? मॅच कोण जिंकलं?" मॅच पुढे झालीच नव्हती.

कॅचरने क्लबच्या फोनवरून चौकशी केली. तो सायकली दुरुस्त करतो. मुलाने त्याला काय सांगितलं मला माहीत नाही. नातीने मात्र ह्यांना सांगितलं, की छाती कुणी दाबली. हे म्हणाले, "सांगितलं नव्हतं मी तुला, तोच गणपती?"

नऊ दिवसांनी हे हार्लेमच्या घरी आले. छातीची एक बरगडी मोडली होती, हसताना धरायचे. पहिल्या दिवशी जेवण झालं आणि सवयीने हात पुढे केला. इथल्या दुकानातल्या गोळ्या टेबलावर होत्या, तीन महिन्यांच्या. मी त्या त्यांच्या हातावर ठेवल्या नाहीत. बसले आणि सगळं सांगितलं. मुलाने हॉस्पिटलमध्ये त्यांना काही सांगितलं नव्हतं. ते माझं काम म्हणून माझ्यासाठी ठेवलं होतं.

ह्यांचा हात तसाच टेबलावर उघडा होता. मग म्हणाले, "डेपोनं डिझेलात पाणी घातलं म्हणायचं." मला वाटलं हसतील. हसले नाहीत. हात मागे घेतला.

नात उठली. तिन्ही खणांतली माती तिने एका काचेच्या बाटलीत ओतली, डबी साबणाने धुतली, पुसली आणि ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी चष्मा लावला. झाकणांवर डच वारांची अक्षरं होती, ती तिने एकेक करून त्यांना शिकवली. त्यांनी स्वतःच्या हाताने सातही खण भरले. बोटांतून एक गुलाबी गोळी खाली पडली. ती उचलायला मी वाकले, तर म्हणाले, "राहू दे. मी घेतो."

उरलेली तीन मैदानं आम्ही पाहिली नाहीत. हिवाळ्यात विमान मिळालं आणि आम्ही पुण्याला परत आलो. ती डबी ह्यांच्या उशाशी असते. रविवारच्या खणाच्या कोपऱ्यात तांबूस डाग अजून आहे, घासून जात नाही. त्या दिवसापासून ह्यांनी गोळ्यांसाठी माझ्यापुढे हात केलेला नाही.

त्या गाडीत आम्ही पाच जण होतो. पाचही जण जिवंत आहोत.